हसून दाखवा

गोजरबाईला हसायचं औषध दिलं ते डॉक्टरणीनं. ती आपल्या मनानं हसायला गेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं ज्यांनी ज्यांनी तिच्या हसण्याचा न्यायनिवाडा केला, त्यांच्यातल्या एकालाही हे नीट ऐकून घ्यायला फुरसत नव्हती.

शालू तिची धाकटी लेक, आष्टीला दिलेली. उन्हाळ्याच्या शेवटाला तिला ताप भरला. सासरच्यांनी तो अंगावर काढू दिला, गावातल्याच डॉक्टरच्या दोन सुया टोचून घेतल्या, आणि जालन्याला हलवलं तेव्हा फार उशीर झाला होता. मागं चार वर्षांची साक्षी राहिली. अंबडहून गोजरबाई आणि तिचा मुलगा कल्याण आष्टीला पोचले तोवर शालूला घरी आणून अंगणात ठेवलं होतं.

आता आपल्याकडं मयताच्या घरी बाईमाणसानं कसं जायचं, याची रीत ठरलेली आहे. जीपमधून येताना बाया पोराबाळांचं, कापसाचं, कोणाच्या तरी गुडघ्याचं बोलत येतात. वेशीपाशी जीप थांबली की पदर डोक्यावर येतो आणि दार दिसलं की हेल निघतो. ‘कशी गेलीस गं माझे बाई, कुणाला सांगून गेलीस’ असं सुरात, एकमेकींच्या गळ्यात पडून. घटकाभरानं कोणीतरी पाणी देतं, बाया तोंड धुतात आणि बसतात. यात लबाडी नाही. कोणाला मनापासून रडू येतं, कोणाला सुरात सूर मिसळता मिसळता येतं, कोणाला येतच नाही. पण रडणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की बाई, हे खरं का खोटं. गोजरबाईनं उभ्या जन्मात अशी कितीतरी रडणी रडली होती, लोकांच्या सासवांसाठी, लोकांच्या चुलत्यांसाठी. आणि स्वतःच्या लेकीच्या दारात तिचा आवाजच फुटला नाही. ती शालूच्या पायाशी बसली आणि तिच्या बोटातलं जोडवं नुसतं फिरवत राहिली. नणंदा, जावा, शेजारणी घसा फोडत होत्या, आणि आईच्या तोंडून ब्र निघत नव्हता.

“माय असून डोळ्याला टिपूस न्हाई,” गर्दीतली एक बाई म्हणाली. शालूच्या सासूनं, केशरबाईनं, ते ऐकलं आणि पक्कं लक्षात ठेवलं.

तेराव्याला धर्मराज मामा बोलले. हे दोन्ही घरांच्या ओळखीतले, शालूची सोयरीक यांनीच जुळवलेली, त्यामुळं सोयरिकीत पुढं काही बिघडलं तर ते जोडायची जबाबदारीही यांचीच असा त्यांचा समज. “आदिनाथ जवान हाये,” ते म्हणाले. “आज न्हाई उद्या त्याचं दुसरं करावं लागंल. नव्या बाईच्या हाताखाली लेकराची आबाळ नको. वरीस होऊन जाऊ द्या. वर्षश्राद्ध झालं की साक्षी अंबडला आजीकडं जाईल, तिथंच शाळंत घाला.” आदिनाथनं, म्हणजे जावयानं, मान हलवली. केशरबाई हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. गोजरबाईनं ते हो धरलं.

त्या एका शब्दावर तिनं वर्ष काढायचं ठरवलं. कल्याणचं अंबडला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, दुकानाच्या वर घर. तिथली खिडकीजवळची जागा तिनं रिकामी करून घेतली. सुनेला, आकांक्षाला, म्हणाली, “माहं अंथरूण हिकडं भिताडाकडं कर. पोरीला उजेड लागन अभ्यासाला.” पोरगी यायला अजून सात-आठ महिने होते.

आणि मग एक दिवस न्हाणीतून बाहेर येताना तिला भोवळ आली. डॉक्टरणीनं बीपी मोजलं, परत मोजलं आणि भुवया वर केल्या. चिन्मयी मॅडम तशी चांगली मुलगी, नुकताच दवाखाना टाकलेला, बोलायला गोड. “गोळ्या चालूच ठेवायच्या, आजी,” ती म्हणाली. “पण नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. तुम्ही सगळं आत कोंडून ठेवलंय. आपल्या शाळेच्या मैदानावर सकाळी हास्य क्लब भरतो, तिथं जात जा. हसण्यानं ताण उतरतो, झोप बरी लागते, बीपी खाली यायलाही मदत होते. येईलच असं मी लिहून देत नाही. पण नुकसान तर काही नाही ना?”

नुकसान काही नाही! डॉक्टरणीच्या पुस्तकात आष्टी नव्हती, एवढंच.

“आमच्यात दुखवटा हाये अजून,” गोजरबाई म्हणाली. “वरीस झालं न्हाई. लोक काय म्हणतील?”

“जाय ना, माय,” कल्याण म्हणाला. “लोकाचं काय घेऊन बसलीस? उद्या तू न्हाणीत पडलीस तर साक्षीला सांभाळायचं कोणी?”

ते बरोबर जिव्हारी लागलं. पोरगी मोठी व्हायला, शिकायला, तिचं लग्न व्हायला अजून बरीच वर्षं होती, आणि तेवढी वर्षं आपल्याला जगायचं आहे हे गोजरबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. हसून जगता येत असेल तर हसू, असं म्हणून ती गेली. चार बायांसारखी हौसेनं नाही, कडू काढा डोळे मिटून प्यावा तशी गेली.

मैदानावर सगळी पेन्शनवाली मंडळी. पांढरे बूट, कानटोप्या, गळ्यात मफलर. गिरिधर सर म्हणून हायस्कूलचे निवृत्त मास्तर होते, ते सगळ्यांना हसवायचे. म्हणजे विनोद सांगून नाही, शिट्टी वाजवून. शिट्टी वाजली की हो हो, हा हा हा. दुसरी वाजली की टाळी. मग नमस्ते हास्य, मग मौन हास्य, मग मोबाइलवर बोलल्याचं हास्य. नोकरीत असताना पोरांना वर्गात हसलं म्हणून बाकावर उभं करणारा हा मास्तर आता हसलं नाही म्हणून रागवायचा.

“खरं हसू यायची वाट बघत बसू नका,” सर पहिल्याच दिवशी तिला म्हणाले. “इथं कोणालाच खरं येत नाही. खोटं हसा. पोट हललं पाहिजे, श्वास आत-बाहेर झाला पाहिजे, बास. शरीराला खरं-खोटं कळत नाही. त्याला वाटतं, माणूस आनंदात आहे.”

गोजरबाईला ते पटलं. तिनं जन्मभर तेच तर पाहिलं होतं, फक्त रडण्याच्या बाबतीत. पण पटलं म्हणून जमत नाही. कितीतरी दिवस ती मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून नुसती उभी राहायची. शेजारची माणसं खदखदा हसत होती आणि तिला वाटायचं, शालूनं बघितलं तर काय म्हणेल. मग वाटायचं, शालू बघत असती तर आपण इथं कशाला आलो असतो.

एक दिवस सरांनी सिंहहास्य घेतलं. जीभ पूर्ण बाहेर काढायची, डोळे वटारायचे, हातांचे पंजे कानांशी धरायचे आणि पोटातून गर्जायचं. सगळे गर्जले. गोजरबाईनं पदर सोडला, जीभ काढली, आणि आष्टीच्या अंगणात जो आवाज घशात अडकून राहिला होता तो बाहेर पडला. ते हसू नव्हतं. ती किंकाळी होती, निव्वळ किंकाळी, आणि तिच्यामागून तिनं घाईघाईनं हा हा हा जोडलं, तिचं तिलाच भ्यायला झालं म्हणून. पण एवढी माणसं जिभा काढून ओरडत असताना कोणाला काय कळणार? सरांनी लांबून अंगठा दाखवला.

गिरिधर सरांची बायको रजनीताई तिच्याजवळ आली. “गोजरबाई, तुमचं हसू अगदी पोटातून येतं हो! आम्ही आपलं घशातल्या घशात.”

“पोटातलंच हाये ते, ताई,” गोजरबाई म्हणाली.

त्या दिवशी ती घरी आली आणि भाकरी खाऊन दुपारभर झोपली. शालू गेल्यापासून दुपारी तिचा डोळा लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या रांगेत उभी राहिली. बाईमाणसानं मोकळ्या मैदानावर उभं राहून ओरडावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी दुसरी जागा सबंध अंबडात नव्हती. ती रोज शालूला हाक मारायची, रोज तिच्या सासरच्यांना शिव्या घालायची, सगळं त्या हा हा हा मध्ये. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरणीनं बीपी मोजलं आणि एक गोळी कमी केली. “बघा, म्हटलं नव्हतं मी?” ती खूश होऊन म्हणाली. गोजरबाईला मात्र लाज वाटली. लेक मेली आणि आपली तब्येत सुधारली, हे तिला कोणाला सांगावंसं वाटेना.

मे महिन्यात हास्य दिन आला. मैदानावर मांडव, फुगे, नगरपालिकेतला कोणीतरी पाहुणा. गोजरबाई जाणारच नव्हती. सर स्वतः दुकानात येऊन कल्याणला सांगून गेले म्हणून गेली. सगळ्यांनी सिंहहास्य केलं, आणि सर्वांत जोरात हसल्याबद्दल तिच्या गळ्यात भगवी-गुलाबी पट्टी घातली आणि पुन्हा एकदा, एकटीला, हसायला लावलं. रजनीताईंनी मोबाइलवर ते टिपलं आणि हौसेनं क्लबच्या ग्रुपवर टाकलं. वाईट काही नव्हतं त्यांच्या मनात. चांगल्या मनाच्या माणसांनी केलेलं नुकसान निस्तरणंच जास्त अवघड असतं, शिव्याही देता येत नाहीत. क्लबच्या ग्रुपवरून तो व्हिडिओ कोणाच्या भाचीकडं गेला, भाचीकडून बदनापूरला, बदनापूरहून परतूरला, आणि आठवडा उलटायच्या आत आष्टीला केशरबाईच्या हातात पोचला.

वर्षश्राद्ध जूनमध्ये होतं, शाळा उघडायच्या थोडं आधी. गोजरबाईनं साक्षीसाठी दप्तर घेतलं होतं, ते तिनं जीपमध्ये मांडीवर धरलं होतं. कल्याण सगळ्या वाटेनं अस्वस्थ होता. घनसावंगी मागं पडल्यावर तो बोलला.

“माय, तो तुझा व्हिडू तिकडं गेलाय. आदिनाथचा फोन आल्ता. बोलला काही न्हाई, नुसता म्हणला, आईनं बघितलाय.”

“मंग बघू दे. मी काय चोरी केली?”

“चोरीचं न्हाई गं. पण तू आता एक कर. दारात गेली की हेल काढ. जोरात. मागच्या टायमाला तू रडली न्हाईस, लई बोलले लोक. घटकाभर रडलीस की समद्याइची तोंडं बंद. पोरगी घेऊ अन् अंधार पडायच्या आत घरी येऊ.”

“मला न्हाई तसं येत, कल्याण.”

“हसायला येतंय ना? मंग?” तो म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं. “पोरीसाठी म्हणून राह्यलो, माय.”

पोरीसाठी. गोजरबाईनं डोक्यावर पदर घेतला. दारात बाया उभ्याच होत्या, हिच्या तोंडाकडं बघत. तिनं खरोखर तोंड उघडलं. पण इतके महिने या तोंडातून एकच आवाज बाहेर पडत आला होता, आणि आता उघडलं तर तोच निघेल अशी तिला धडकी भरली. लेकीच्या श्राद्धाला दारात उभं राहून आपण हा हा हा केलं तर? तिनं तोंड मिटलं आणि कोरड्या डोळ्यांनी उंबरा ओलांडला. बायांनी एकमेकींकडं बघितलं.

आत ओसरीच्या भिंतीवर शालूचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. साक्षी धावत आली आणि आजीच्या मांडीवर बसली. पोरगी उंच झाली होती. दोन घट्ट वेण्या, तेल चोपडलेलं, गालाला पावडर. केशरबाईनं पोरीचं काही कमी केलं नव्हतं, हे गोजरबाईच्या नजरेतून सुटलं नाही. पोरीनं दप्तर पाठीला लावून बघितलं, चेन उघडून आत हात घालून बघितला.

“आजी, मम्मी दवाखान्यातून आली ना, मंग तिला तू सांगशील का मी अंबडला गेले म्हणून? न्हाईतर ती हितंच हुडकत बसंल.”

गोजरबाईनं वर बघितलं. केशरबाई दारात उभी होती. दोघी म्हाताऱ्यांची नजरानजर झाली.

“काय सांगायचं होतं मंग?” केशरबाई हळू आवाजात म्हणाली. “रोज विचारती. रातच्याला माझ्या पदराचं टोक मुठीत धरूनच झोपती. तुमी सांगून बघा, सांगता येतंय का.”

गोजरबाईला सांगता आलं नाही. त्या एका क्षणाला तिला केशरबाईचा राग आला नाही. केशरबाईला साक्षी हवी होती, आणि त्यात खोट नव्हती. पोरगी गेली तर त्या घरात तिच्या पदराला धरणारं कोणी उरणार नव्हतं. पण हवं असण्यात खोट नसली म्हणून माणूस खोटेपणा करत नाही असं थोडंच आहे.

पिंड झाले, कावळा शिवला, पंगती उठल्या. मग ओसरीवर सतरंजी पडली. धर्मराज मामा, गावातले चारपाच जाणते, आदिनाथ आणि कल्याण असे पुरुष सतरंजीवर, बाया माजघराच्या दारात. साक्षीला मागच्या अंगणात पोरांत खेळायला पाठवलं. मामांनी पान जुळवता जुळवता सुरुवात केली. तेराव्याला ठरलं तसं करायचं, लेकरू आज आजीबरोबर जाईल, सुट्ट्यांना इकडं येईल, आदिनाथचंही बदनापूरच्या स्थळाचं बोलणं लागलेलं आहे. सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

“मला बोलायचंय,” केशरबाई म्हणाली. “आदिनाथ, लाव रे ते.”

आदिनाथनं मान वर न करता मोबाइल काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. माणसं पुढं वाकली. मोबाइलमधून शिट्टी ऐकू आली, मग टाळ्या, मग गोजरबाईचं हसणं. गळ्यात पट्टी, बाहेर आलेली जीभ, वटारलेले डोळे, कानाशी पंजे. श्राद्धाच्या घरात, शालूच्या फोटोखाली, ते हा हा हा फार मोठं वाजलं. एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि तोंड फिरवलं.

“लेक जाऊन वरीस भरलं नव्हतं तवाचं हे,” केशरबाई म्हणाली. “आमच्या घरात दिवाळीला पणती लागली न्हाई. होळीला पुरण शिजलं न्हाई. आन् ही पट्ट्या घालून नाचून राह्यली. लेक मेली तवा डोळ्याला पाणी न्हाई, आजबी न्हाई. हिच्या काळजात काय हाये काय न्हाई ते तुमीच बघा. असल्या बाईच्या हवाली मी माझं लेकरू करू?”

सगळ्यांच्या माना गोजरबाईकडं वळल्या. तिनं सांगितलं. बीपीचं सांगितलं, भोवळीचं सांगितलं, डॉक्टरणीचं नाव सांगितलं. “हसून बीपी उतरतं म्हणली ती. अन् उतरलं खरं. मला जगायचं होतं, मामा. पोरीसाठी जगायचं होतं. ते हसू खरं न्हाई. तिथं समदे खोटंच हसतेत. मास्तरच सांगतो, खोटं हसा म्हणून.”

“खोटं?” तो म्हातारा म्हणाला. “खोटं हसू असं असतंय व्हय? जीभ बाहेर येस्तोवर?”

“दवाखान्यात कोणी हसायचं औषध देतं का?” दुसरा म्हणाला.

धर्मराज मामांना सोयरीक टिकवायची होती आणि चारचौघांत आपली अक्कलही दाखवायची होती. त्यांनी पान गालात सरकवलं. “असं करू,” ते म्हणाले. “बाई म्हणतेत ते हसू खोटं हाये. खोटं असंल तर ते कवाबी करता येतंय, त्याला आनंद व्हायची गरज न्हाई. बराबर? मंग बाई, हितंच आमच्यापुढं हसून दाखवा. आम्ही बघतो. खोटं हाये असं दिसलं की विषय मिटला, लेकरू तुमचं.”

कोणालाच ते वावगं वाटलं नाही. उलट माना डोलल्या. काय पण तोडगा काढला मामांनी!

“हितं?” गोजरबाई म्हणाली. “शालूच्या फोटोपुढं?”

कल्याण तिच्याकडं सरकला. “दाखव, माय. एकदाच. मिटवून टाक.”

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. पदर खांद्यावरून घट्ट गुंडाळून घेतला. पाठीशी फोटो होता, त्याकडं तिनं बघितलं नाही. हलकं हसून भागणार नाही, हे तिला कळत होतं. व्हिडिओत होतं तसंच, तेवढंच जोरात झालं पाहिजे, नाहीतर म्हणतील ते खरं होतं आणि हे खोटं. म्हणून तिनं छाती भरून श्वास घेतला, जीभ बाहेर काढली, डोळे वटारले, पंजे कानाशी नेले, आणि लेकीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या सासरच्या ओसरीवर ती हसली. हो हो. हा हा हा. भांडी घासणाऱ्या बायांचे हात थांबले. तिनं थांबायचं नाव घेतलं नाही, कारण अजून कोणी बास म्हटलं नव्हतं. हो हो. हा हा हा.

मागच्या अंगणातून पावलं धावत आली. वर्षभर या घरात कोणी मोठ्यानं हसलं नव्हतं. साक्षी दप्तर पाठीला लावूनच बायांच्या मधून घुसली, धापा टाकत, तोंडभर हसू घेऊन.

“मम्मी आली? आजी, मम्मी आली का?”

तिनं ओसरीवर बघितलं. सतरंजीवरची माणसं बघितली. दाराच्या मागं जाऊन बघितलं, तिथंही कोणी नव्हतं. मग परत आली आणि आजीचं लुगडं ओढून पुन्हा विचारलं.

गोजरबाईचे कानाशी धरलेले हात तसेच राहिले. हसण्याचा अर्धा राहिलेला आवाज कुठंतरी आत फाटला आणि त्यातून वर्षाचं रडणं वर आलं. “शालू गं, माझे बाई...” ती भिंतीला पाठ घासत खाली बसली. “कुणाला सांगून गेलीस गं, लेकरू दाराआड हुडकून राह्यलं तुला...” हेल काढून, छाती बडवून, ज्या सुरात तिनं अख्ख्या गावाच्या सासवा रडल्या होत्या त्या सुरात ती आपली लेक रडली. तिला सतरंजी दिसत नव्हती, माणसं दिसत नव्हती. साक्षी घाबरली, दोन पावलं मागं सरली आणि जाऊन केशरबाईच्या पदरात शिरली.

 माणसं एकमेकांकडं बघत होती.

“बघितलं?” पोरीला कवटाळून केशरबाई म्हणाली, आणि तिचा स्वतःचाही आवाज चिरकला होता. “हस म्हणलं, हसली. आता हसून काम होईना तर रडून राह्यली. वरीसभर कुठं गेल्तं हे रडणं?”

“तेच म्हणतो,” म्हातारा म्हणाला. “लई पोचलेली बाई हाये.”

धर्मराज मामांनी हात वर केला. त्यांचा तोडगा हातचा गेला होता आणि त्याचा राग त्यांना गोजरबाईवरच काढायचा होता. “बास करा, बाई,” ते म्हणाले. “हसायला आम्ही सांगितलं, ते तुमी दाखवलं. खोटं हसू तुमाला झकास येतंय, पटलं आम्हाला. पण रडून दाखवा असं कोणी म्हणलं न्हाई.”

गोजरबाई रडत होती. आता ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

“लेकरू भ्यालंय,” मामा पुरुषांकडं वळून म्हणाले. “आज राहू द्या हितंच. आणखी एखादं वरीस बघू, मंग बसू.” आदिनाथनं मान हलवली, जशी तेराव्याला हलवली होती. मग वाकून त्यानं मोबाइल उचलला आणि खिशात टाकला. केशरबाईनं साक्षीच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि कल्याणच्या हातात दिलं. पोरीनं ते सोडायला थोडी ओढाताण केली, तेवढीच.

जीप आष्टीच्या वेशीबाहेर पडली तरी गोजरबाईचं रडू ओसरलं नव्हतं. ती पदरात तोंड घालून हुंदके देत होती. कल्याण खिडकीबाहेर नांगरलेली रानं बघत होता. मग त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. दमलेला होता, पण आवाजात माया होती.

“आता बास, माय. आता हितं कोण बघून राह्यलं?” तो म्हणाला. “रडलीस पण बराबर. बिलकुल खऱ्यावानी. हेच जर दारात रडली असतीस ना, तर पोरगी आज आपल्या जीपमधी असती.”

गोजरबाईनं पदर खाली घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. तो तिला खरोखरच शाबासकी देत होता.